बुद्धीचा आंकडा आणि मोबाइलवरची परीक्षा

अलीकडे ज्या घरीं जावें तेथें मुलांच्या वयाबरोबर आणखी एक आंकडा कानीं पडतो. "आमच्या चिरंजिवांचा बुद्ध्यंक एकशें बेचाळीस आहे बरें का!" असें सांगतांना आईबापांच्या मुद्रेवर जें समाधान दिसतें, तें पूर्वीं पोराची मुंज थाटांत झाली म्हणजे दिसत असे. हा आंकडा आला कोठून असें विचारावें, तर मोबाइलवर वीस प्रश्न सोडविले आणि पैसे भरतांच प्रमाणपत्र आलें, असें उत्तर मिळतें. आमच्या परभणी जिल्ह्यांत सेलू-जिंतुरापासून गंगाखेडापर्यंत हें वेड पोंचलें आहे. आणि तें नुसत्या करमणुकीपुरतें असतें तर आम्ही लेखणी उचललीच नसती.

हा खटाटोप मूळ कशासाठीं निघाला, तें प्रथम पाहिलें पाहिजे. फ्रान्समधील आल्फ्रेद बिने या पंडितानें थिओडोर सिमों याच्या साहाय्यानें १९०५ सालीं पहिली बुद्धिमापन-श्रेणी तयार केली. शाळेंत मागें पडणारीं मुलें वेळींच ओळखून त्यांच्या शिक्षणाची निराळी सोय लावावी, हा तिचा हेतु होता. हुशार पोरांची मिरवणूक काढणें हा नव्हता. बुद्धि म्हणजे जन्मास येतांना मोजून मिळालेली व पुढें कधींच न वाढणारी ठेव, हें मत बिनेला मुळींच मान्य नव्हतें. १९०८ सालीं त्यानें कोणत्या वयाच्या सामान्य मुलास कोणता प्रश्न सुटतो याची वयवारी लाविली. १९१२ सालीं जर्मनींतील विल्यम स्टर्न यानें या मानसिक वयास खऱ्या वयानें भागावें असें सुचविलें. आणि १९१६ सालीं अमेरिकेंतील ल्युइस टर्मन यानें त्या भागाकारास शंभरानें गुणून आज सर्वतोमुखीं झालेला आंकडा रूढ केला. आठ वर्षांच्या मुलानें दहा वर्षांच्या सामान्य मुलाइतकें काम केलें, तर दहा भागिले आठ गुणिले शंभर, म्हणजे १२५.

परंतु चाळिशीच्या गृहस्थास हा हिशेब लावावयाचा कसा? पन्नास वर्षांच्या सामान्य माणसाइतकी बुद्धि त्यास आहे, असें म्हटल्यानें त्याचा गौरव होतो कीं काय होतें? म्हणून डेव्हिड वेक्स्लर यानें १९३९ सालीं भागाकार सोडून दिला आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशीं केली. आजचा बुद्ध्यंक तो हा. समवयस्कांची पंगत गुणानुक्रमें बसविली तर आपला पाट कोठें येतो, एवढेंच तो सांगतो. मध्यभागीं १००, शंभरांतलीं सुमारें ६८ माणसें ८५ ते ११५ यांच्या दरम्यान, १३० च्या वर जेमतेम दोन, आणि १४० च्या वर हजारांत चार. एकाच आळींत असे पांच बालबृहस्पति निघाले, तर शंका तराजूविषयींच घ्यावी!

शिवाय आज १०४ आले म्हणून उद्यां १०४ च येतील असेंही नाहीं. झोप, ताप, भीति, परीक्षकाचा स्वभाव, या सर्वांनीं चार-पांच गुण सहज इकडचे तिकडे होतात. म्हणून जाणता परीक्षक एक आंकडा न सांगतां '९९ ते १०९' असा पल्ला सांगतो. दोघां भावंडांत १०४ आणि १०७ यांवरून डावें-उजवें ठरविणें म्हणजे जोंधळ्याच्या मापट्यानें सोनें मोजणें होय.

आतां ही पंगत कोणाची बसवावयाची, हा खरा प्रश्न. बिनेच्या कसोट्यांत नाणीं ओळखणें होतें, आणि तीं नाणीं फ्रान्सचीं होतीं. पॅरिसच्या मुलांची पंगत आपल्या मुलांस लागू पडत नाहीं, हें जाणून व्ही. व्ही. कामत यांनीं धारवाडास कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांची परीक्षा घेऊन टर्मनच्या श्रेणीचें आपल्याकडील रूप सिद्ध केलें. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं मुंबईस निघाला, आणि 'बिने-कामत' हें नांव आजही दवाखान्यांतून ऐकूं येतें. पुढें नागपुरास आर्थर मॅलिन यांनीं १९६९ सालीं वेक्स्लरच्या मुलांसाठींच्या चाचणीस भारतीय रूप दिलें. प्रश्नांचें भाषांतर हें अशा कामांतलें सोपें अंग. शेंकडों मुलांस एकेक करून समोर बसविणें, प्रत्येकास तेच शब्द, तोच वेळ देणें, आणि मग वयवार कोष्टकें करणें, यांत आयुष्याचीं वर्षें जातात. एवढें करूनही कोष्टक शिळें होतें. न्यूझीलंडमधील जेम्स फ्लिन यांनीं १९८४ व १९८७ सालीं दाखवून दिलें कीं, अनेक देशांत दर दहा वर्षांस सरासरी सुमारें तीन गुणांनीं वर सरकली होती. अर्थात् कोष्टक जितकें जुनें, तितका आंकडा फुगीर. कामतांची थोरवी मान्य करूनही हें ध्यानीं ठेविलें पाहिजे.

भाषेची गोष्ट तर आम्हां मराठवाड्याच्या लोकांस कोणी शिकवावयास नको. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता आणि वरच्या इयत्तांचें शिक्षण उर्दूंतून चाले. घरीं मराठी बोलणाऱ्या त्या काळच्या मुलास कोणी उर्दूंत शब्दार्थ विचारून त्याची बुद्धि मोजली असती, तर मोजली गेली असती ती त्याची उर्दू. आज मोबाइलवरची परीक्षा बहुधा इंग्रजींत असते, एवढाच काय तो फरक.

मोबाइलच्या परीक्षेंत उत्तर कोणी दिलें, कितव्या खेपेस दिलें, शेजारीं मामा बसला होता कीं काय, हें कोणी पाहत नाहीं. ती ज्यांच्याशीं तुलना करिते ते लोक कोण, हें बहुधा कोठेंच लिहिलेलें नसतें. आपण होऊन येणाऱ्या हौशी मंडळींची ती पंगत. आणि प्रमाणपत्रास जेथें दक्षिणा आहे, तेथें आंकडा उदार असणें ओघानेंच येतें. ९० गुण पडलेला मनुष्य खिशांतून पैसे काढून तें चौकटींत कशाला लावील? सरावाचाही भाग आहे. शिष्यवृत्ति-परीक्षेंतील 'बुद्धिमत्ता चाचणी'साठीं आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर संख्यामालिका सोडवून घेतल्या आहेत. श्रावणांत अडणारीं मुलें माघांत धडाधड उत्तरें देत. तेवढ्यांत त्यांची बुद्धि दुणावली, असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत गेल्या दिवाळींत काय घडलें तें सांगतों. थोरल्या भावाच्या मुलास १४२ गुण पडले, धाकट्याच्या मुलीस ८८. महिनाभर मुलास नांवाऐवजीं 'एकशें बेचाळीस' म्हणून हाका मारीत. मग लातूरच्या शिकवणीचा विषय निघाला. दोघांचा खर्च झेपेना, तेव्हां मुलास पाठवावें, मुलीस येथेंच ठेवावें, असा विचार ठरत आला. आजोबांनीं आम्हांस बोलावून घेतलें. आम्हीं मुलीस जवळ बसवून विचारलें, तेव्हां कळलें कीं, दादानें ती परीक्षा चार वेळां दिली होती. मुलगी मराठी शाळेंतली, प्रश्न इंग्रजी, आणि मध्येंच धाकट्यानें मोबाइल हिसकावून नेला होता. पण दुसरी एक गोष्ट आमच्या नजरेस आली. तोंडी हिशेब ती झटक्यांत करी, आणि चार ओळींचा उतारा वाचतांना मात्र पदोपदीं अडखळे. "काका, हिला मानसशास्त्रज्ञाकडे नेऊन रीतसर तपासणी करवा," असें आम्हीं आजोबांस सांगितलें. अशा तपासणींत बुद्धीची चाचणी वेगळी व वाचन-लेखनाची वेगळी घेतात. दोहोंतली तफावतच पुष्कळदां रोगनिदान करिते. विशिष्ट अध्ययन-अक्षमता हा प्रकार २०१६ च्या दिव्यांग-हक्क कायद्यांत समाविष्ट आहे, आणि राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा मुलांस जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. मोबाइलच्या ८८ नें ही सारी वाट बुजवून टाकिली असती. शिकवणीचा निर्णय तपासणीपर्यंत तहकूब झाला, ही सुनांची कामगिरी. पुरुषमंडळी अजून त्या प्रमाणपत्राकडे वळूनवळून पाहत होती.

आपल्याकडील जुन्या पंडितांनीं धीचे आठ गुण मोजले आहेत. ऐकण्याची इच्छा, ऐकणें, ग्रहण, धारण, ऊह, अपोह, अर्थज्ञान आणि तत्त्वज्ञान. 'ऊहापोह' हा आपला रोजचा शब्द त्यांतलाच. आधुनिक चाचण्यांत धारणेची, तर्काची परीक्षा बरी होते. पण पहिला गुण, ऐकण्याची इच्छा, ती मोजणारी कसोटी आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि चाळीस वर्षें शाळेंत घालविल्यावर आम्ही तिला पहिला पाट देऊं.

ज्यांस खरोखर कारण असेल त्यांनीं मुलाची चाचणी अवश्य करवावी. नुसत्या हौसेखातर करूं नये. चाचणी कोणती, तिचें कोष्टक कोणत्या सालचें व कोणत्या मुलांवरून केलेलें, परीक्षक मुलाच्या भाषेंत बोलणार कीं नाहीं, आणि निकाल पल्ल्यासह लेखी मिळणार काय, हें आधीं विचारून घ्यावें. चाचणीचें काम एकेका मुलापाशीं तासा-दीडतासाचें असतें. पांच मिनिटांत आंकडा देणाऱ्याकडून उठून यावें. पुस्तकें आणून पोरास आदल्या आठवड्यांत घोकवूं नये. सकाळीं पोटभर खाऊं घालून न्यावें, आणि चष्मा असेल तर तो घरीं विसरूं नये. आमच्या पाहण्यांतलें एक मूल चष्म्यावांचून चित्रांच्या कसोटीस बसलें होतें, तेव्हां परीक्षिकेनें कागद मिटून त्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हा बोलाविलें.