वीज गेली की दुकानाचा फोन का मुका होतो?

भिलाईच्या सुपेला बाजारात वीज गेली, की क्लाउड फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा फोन, घेतलेल्या दुकानातली घंटीही बंद. जुना लँडलाइन मात्र वाजत राहायचा. त्याला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून तांब्याच्या तारेतूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळे. क्लाउड फोनला राउटर लागतो आणि राउटरला वीज.

वीज असली तरी आवाज तुटतो, तो का? बोलणं साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून दूरच्या सर्व्हरमार्गे जातं. एकच पत्र फाडून तुकडे वेगवेगळ्या हरकाऱ्यांकडे द्यावेत, तसं. उशिरा पोचलेला तुकडा सरळ टाकून दिला जातो, कारण संभाषण त्याच्यासाठी थांबू शकत नाही. त्यात त्याच जोडणीवर कॅमेरे आणि बिलिंग असेल, तर गर्दी ठरलेलीच. इन्व्हर्टरवर पंख्याआधी राउटर जोडा आणि पाटीवर एक साधा मोबाइल नंबर राहू द्या.