एका लेखाचे तीन कोटी अर्थ

इंग्रजीतलं ‘पिक अप’ घ्या. पडलेला रुमाल उचलणं, मुलाला शाळेतून आणणं, फोन घेणं, कानावर पडून पडून एखादी भाषा येऊ लागणं, वाऱ्याने जोर धरणं, सगळ्याला हेच दोन शब्द. क्रियापदामागे ‘अप’, ‘ऑन’, ‘आउट’ लावून होणाऱ्या अशा जोड्यांची मोजदाद भाषाभ्यासक डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ साली मांडली. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या दहा कोटी शब्दांच्या मजकूरसंग्रहात त्या ५,१८,९२३ वेळा सापडल्या, म्हणजे साधारण १९२ शब्दांमागे एक. सर्वाधिक वापराच्या शंभर जोड्यांचे अर्थ भरले ५५९. सरासरी ५.६.

आकडा किरकोळ वाटतो. पण दोन हजार शब्दांच्या लेखात अशा दहा जोड्या आल्या आणि प्रत्येकीचे ५.६ अर्थ धरले, तर गुणाकार तीन कोटींच्या वर जातो. सेकंदाला एक अर्थ तपासत रात्रंदिवस बसलं तरी ३५१ दिवस जातील. आपण तो लेख दहा मिनिटांत वाचतो!

मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट या भाषाभ्यासकांनी २०१५ साली फक्त नेहमीच्या वापरातले अर्थ मोजले. १५० जोड्यांना २८८, म्हणजे सरासरी दोनाहूनही कमी. तोच गुणाकार आता ६८० च्या आसपास येतो.

मराठीला मागचे शब्दही नकोत, एकटं ‘लागणे’ पुरे. भूक लागते, आग लागते, नोकरी, ठेच, नजर, झोप लागते. वाटेत गाव लागतं, निकाल लागतो, मूल बोलू लागतं, आपल्याला जावं लागतं. सोळाच अर्थ धरा. परिच्छेदात पाच वेळा ‘लागणे’ आलं की शक्यता होतात १०,४८,५७६.

एवढ्या शक्यतांतून यंत्राने नेमका अर्थ कसा निवडायचा? म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानात मराठीसह अनेक भारतीय भाषांचे मजकूर संगणकासाठी गोळा केले जातात आणि शब्दांना व्याकरणाच्या खुणा लावल्या जातात. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण यंत्राला अर्थ निवडायला शेजारचे शब्दच शिकवावे लागतात. भूक, आग, नोकरी तिन्ही स्त्रीलिंगी. ‘लागली’ या रूपावरून काहीच कळत नाही. कधी शेजारचा एक शब्दही अपुरा पडतो. ‘म्हैसूरची गाडी लागली’ म्हटलं की प्रवासी फलाटाकडे धावतात. ‘मला गाडी लागली’ म्हटलं की शेजारचा लिंबू शोधतो.