सगळेच साड्या विकतात, मग गर्दी नसलेला माल शोधायचा कसा? ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी साधा हिशोब

यवतमाळ : सणासुदीचे दिवस आले की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चित्र दिसतं. त्याच साड्या, त्याच कुर्त्या, तेच बेडशीट आणि फोटोखाली 'ऑर्डरसाठी मेसेज करा'. दारव्ह्याच्या ग्रुपवर जो फोटो, तोच वणीच्या ग्रुपवर. फरक फक्त भावाचा. मोबाईलवरून माल विकून घरबसल्या चार पैसे मिळवायचे, हा विचार चांगलाच आहे. पण सगळ्यांनी एकच माल धरला की कोणालाच काही उरत नाही. त्यात बचतगटाचं कर्ज किंवा कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे घालून माल भरला असेल आणि तो घरात पडून राहिला, तर व्याज मात्र चालूच राहतं.

म्हणून माल भरायच्या आधी दोन गोष्टी समजून घ्या. गर्दीच्या मालात पैसा कुठं जातो आणि कमी गर्दीचा माल कसा शोधायचा.

गर्दी का झाली?

मीशो ही कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे 'रीसेलिंग' घराघरांत पोहोचलं. ॲपवरचा फोटो घ्यायचा, आपला नफा जोडायचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा. माल साठवायची गरज नाही, दुकान नको. सुरुवातीला हे चाललं, कारण गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर ते ॲप नव्हतं.

आता ते सगळ्यांकडे आहे. तुम्ही पाठवलेला फोटो गिऱ्हाईक गुगल लेन्समध्ये टाकतो आणि तोच माल मूळ भावात कुठं मिळतो ते त्याला लगेच कळतं. मग तो तुमच्याकडून ५० रुपये जास्त देऊन का घेईल? जो माल सगळ्यांकडे आहे, त्यात फक्त भावाची लढाई होते. त्या लढाईत सुरतचा कारखानदार जिंकतो, आपण नाही.

८० रुपयांचे ६ रुपये कसे होतात?

स्वतः माल घेऊन ॲपवर विकणाऱ्यांसाठी हा हिशोब. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे आकडे घालून हाच हिशोब वहीत मांडा.

समजा कुर्ती १८० रुपयांना घेतली आणि विकल्यावर तुमच्या हातात २६० आले. म्हणजे एका कुर्तीमागे ८० रुपये सुटतात असं वाटतं. आता १०० ऑर्डर आल्या आणि त्यातल्या २० परत आल्या असं धरा :

- ८० कुर्त्यांचा नफा : ६,४०० रुपये
- १०० पार्सलचं पॅकिंग, प्रत्येकी १० : वजा १,०००
- २० परतीच्या पार्सलचा खर्च, प्रत्येकी १२० : वजा २,४००
- परत आलेल्यांपैकी ५ कुर्त्या खराब : वजा ९००
- ॲपवरची जाहिरात : वजा १,५००

उरले ६०० रुपये. म्हणजे एका पार्सलमागे ६ रुपये. आणि यात तुमची मेहनत धरलेलीच नाही.

कपड्यांत माप चुकतं, रंग फोटोपेक्षा वेगळा निघतो, म्हणून परती जास्त. नवीन माणसाला सगळ्यात जास्त फटका बसतो तो इथंच.

कमी गर्दीचा माल ओळखायच्या तीन खुणा

एक, तो घेणारा माणूस नक्की कोण आहे हे तुम्हाला सांगता येतं. 'सगळ्यांसाठी' असलेला माल शक्यतो सोडा.

दोन, त्या मालाबद्दल तुम्हाला असं काही माहीत आहे, जे मुंबई-सुरतच्या व्यापाऱ्याला माहीत नाही.

तीन, तो तुम्हाला जवळून आणि भरवशानं मिळतो, आणि पार्सलमध्ये धड पोहोचतो.

या तिन्ही खुणा ॲपच्या 'ट्रेंडिंग' यादीत सापडत नाहीत. एखादी वस्तू त्या यादीत आली म्हणजे तिथं गर्दी झालेलीच असते. शोध आपल्या आठवडी बाजारात आणि आपल्या सणवारांत घ्यायचा.

आपल्या जिल्ह्यात काय दिसतं?

*तान्हा पोळा.* पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी सजवून फिरवतात. ही रीत विदर्भाची. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या वैदर्भीय आईबापांना आपल्या लेकरासाठी तो नंदी हवा असतो, पण तिथल्या बाजारात तो सहज मिळत नाही. आपल्याकडे सुतार आहेत, बेगड-घुंगरांचा साज आहे. शिवाय चाकं कशी हवीत, शिंगं कशी हवीत हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

हिशोब पाहा. सुताराला ३५० रुपये दिले, विकून हातात ६५० आले. ३० ऑर्डर, त्यात २ परत, एक नंदी मोडला. २८ नगांचे ८,४०० रुपये. त्यातून पॅकिंग १,२००, परतीचा खर्च ३०० आणि मोडलेल्याचे ३५० वजा केले तर ६,५५० उरतात. म्हणजे एका पार्सलमागे साधारण २१८ रुपये. ऑर्डर कमी, पण पैसा जास्त. अडचण एकच : हा धंदा पोळ्याआधीच्या तीन-चार आठवड्यांचा. माल पोळ्याच्या आधी पोहोचला नाही तर सगळा परत. म्हणून सुताराला आखाडीच्या आधीच सांगून ठेवावं लागतं.

*फवारणीचं संरक्षण साहित्य.* २०१७ च्या खरिपात फवारणीतून विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजुरांचा जीव गेला. हातमोजे, गॉगल, मास्क, एप्रन ऑनलाइन मिळतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी आणि मापाची धड माहिती न देता. कापूस कमरेच्या वर गेल्यावर कसा एप्रन लागतो, भर उन्हात कोणता मास्क तोंडावर टिकतो, हे ज्यानं फवारणी केली त्यालाच कळतं. नीट निवडलेला पूर्ण संच, सोबत मराठीत वापरायची माहिती, असा माल विकणारे थोडे आहेत. पण एक लक्षात ठेवा. साधा कापडी मास्क 'फवारणी मास्क' म्हणून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. कंपनीचा, खुणा असलेला माल घ्या आणि पक्कं बिल ठेवा. औषधं, बियाणं आणि खतं परवान्याशिवाय विकता येत नाहीत, 'चोर बीटी' तर अजिबात नाही.

*बांबूच्या वस्तू.* केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागातल्या कोलाम पोडांवर आणि बुरड कारागिरांकडे टोपल्या, सुपं तयार होतात. शहरात यांना मागणी आहे, पण इथं पार्सलचा सापळा आहे. कुरिअरवाले मोठ्या पण हलक्या पार्सलचं वजन आकारावरून धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,००० नं भागायची. ४० × ४० × २० सेंटीमीटरची टोपली काट्यावर अर्धा किलो भरली तरी भाडं ६.४ किलोचं लागतं. तीच २० × २० × १० ची छोटी टोपली ०.८ किलोत बसते. म्हणून मोठी टोपली सोडा. छोट्या, एकात एक बसणाऱ्या टोपल्यांचा संच करा. आणि कारागिराशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. तो तुटला तर तुमचा मालच बंद.

*खायचे पदार्थ.* उमरखेड-महागाव पट्ट्यातली हळद, गोडंबी, ज्वारीचे पापड, कुरडया, मूगवड्या. हळद पावडरीत मोठमोठ्या कंपन्या बसल्या आहेत, तिथं शिरू नका. त्यापेक्षा अख्खी हळकुंडं, कोणत्या गावची आणि कोणत्या हंगामाची हे लिहून विका. मात्र आपल्या हळदीला 'वायगाव हळद' म्हणू नका. ते वर्धा जिल्ह्यातल्या हळदीचं भौगोलिक मानांकन आहे. गोडंबीचंही तसंच. बिब्याचं तेल अंगावर उततं, म्हणून फोडणाऱ्या बाया कमी आणि भाव जास्त. कवचाचा तुकडाही राहता कामा नये. ज्याला खात्रीचा माल मिळतो, त्यानंच हात घालावा.

मागणी आहे का? फुकटात तपासा

गर्दी नाही म्हणजे संधीच आहे, असं नाही. कधी कधी विकणारे नसतात कारण घेणारेच नसतात. म्हणून एक पैसाही घालायच्या आधी एवढं करा :

१. ॲपच्या शोधाच्या रकान्यात वस्तूचं नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजी अक्षरांत टाकून पाहा. अर्धं नाव टाकल्यावर ॲप स्वतः पूर्ण करून देत असेल, तर लोक ते शोधतात.

२. किती विक्रेते आहेत ते पाहा. पहिल्या पानावर तंतोतंत तीच वस्तू चार-पाच जणांकडेच असेल आणि खाली लोकांचे अभिप्राय असतील, तर जागा चांगली. हजारो अभिप्राय असलेले वीस विक्रेते असतील तर पुढं चला.

३. एक आणि दोन तारे दिलेले अभिप्राय वाचा. 'लहान निघालं', 'पट्टा तुटला', 'चाक फिरत नाही'. गिऱ्हाईक स्वतःच सांगतो की त्याला काय हवं होतं. ती खोट तुम्ही काढू शकता का, तेवढंच बघा.

४. गुगल ट्रेंड्स फुकट आहे. महाराष्ट्र निवडून पाच वर्षांची रेघ पाहा. वस्तू बारमाही आहे की फक्त हंगामी, हे दिसतं. छोट्या नावाची रेघ निघत नसेल तर मोठं नाव टाका, जसं 'पोळा'.

५. पुण्या-मुंबईतल्या आपल्या नातेवाइकांना फोन करा. 'घेशील का?' असं विचारू नका, सगळे 'हो'च म्हणतात. 'मागच्या वर्षी कुठून घेतलं आणि कितीला?' असं विचारा.

आधी १० नग, मग बाकी

इथपर्यंत जमलं तर १० नग घ्या, १०० नाही. दिवसाच्या उजेडात फोटो काढा. इंचात माप आणि ग्रॅममध्ये वजन लिहा. वस्तू हातात धरून एक फोटो टाका, म्हणजे आकार कळतो आणि परती कमी होतात. स्वतःचा फोटो असला की गुगल लेन्सवाल्यालाही तीच वस्तू दुसरीकडे सहजासहजी सापडत नाही.

एक पार्सल स्वतःच्या घरून पुण्याच्या पाहुण्याला पाठवून पाहा. किती दिवस लागले, काही फुटलं का, भाडं किती? अनेक गावांत कुरिअरवाला माल उचलायला येत नाही. तालुक्याला जायचं भाडंही हिशोबात धरा. जिथं कुरिअर जात नाही तिथं पोस्टाचं स्पीड पोस्ट जातं.

महिन्याभरात १० पैकी ७-८ नग पूर्ण भावात विकले गेले, तर पुढची खेप. दोनच गेले तर भाव पाडत बसू नका, वस्तू बदला. १० नगांचं नुकसान सोसवतं, १०० चं सोसवत नाही.

कागदपत्रं कोणती?

- जीएसटी : ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी नसतानाही ॲपवर वस्तू विकता येतात. त्यासाठी पॅन लागतो आणि जीएसटी पोर्टलवरून नोंद क्रमांक घ्यावा लागतो. पण विक्री फक्त आपल्याच राज्यात. पैनगंगेपलीकडचं आदिलाबाद जवळ असलं तरी ते तेलंगणात येतं. तिथं ॲपवरून माल पाठवायला जीएसटी नोंदणी लागते.
- खाण्याच्या वस्तू : एफएसएसएआयची नोंदणी हवीच, पापड घरी केले असले तरी.
- पाकीट : बंद पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापा.
- उद्यम नोंदणी : सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. त्यासाठी कोणाला हजार-दोन हजार देऊ नका.
- नकली ब्रँड : मोठ्या कंपनीचं नाव लावलेला स्वस्त माल विकला तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

बचतगटाच्या ताईंसाठी 'उमेद' अभियानाचं उमेदमार्ट हे विक्रीचं पोर्टल आहे. तालुक्याच्या उमेद कार्यालयात चौकशी करा.

यांच्यापासून सावध

'हमखास चालणाऱ्या ५० वस्तूंची यादी, फक्त ९९९ रुपये' असे मेसेज फिरतात. जरा विचार करा. जी यादी हजार जणांना विकली, त्यातली वस्तू कमी गर्दीची राहील का? ऑर्डर देण्याआधी 'डिपॉझिट', 'ॲक्टिव्हेशन फी' मागणारा माणूस धंदा देत नाही, पैसे उकळतो. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

या आठवड्यात एवढंच करा

एका वहीत तीन याद्या लिहा. आपल्या तालुक्यात काय तयार होतं? इथून बाहेर गेलेल्या माणसाला काय आठवतं? आणि आपल्या कामात कोणती वस्तू रोज लागते, पण धड मिळत नाही? तिन्ही याद्यांतून एकच वस्तू निवडा आणि वरच्या पाच तपासण्या करा. त्यात ती टिकली तर १० नग. नाही टिकली, तर दुसरी वस्तू. वहीत खोडाखोड करायला पैसे लागत नाहीत, पण घरात भरलेला माल परत देता येत नाही.