गच्चीवरील ऊन

मुंबईत वरळी येथे बी. डी. डी. चाळी या नावाने ओळखली जाणारी एक मोठी कामगारवस्ती आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई फार वाढली, तेव्हा सरकारने १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खाते स्थापन केले. त्याच्या आद्याक्षरांवरून या चाळींना हे नाव मिळाले. वरळीत अशा १२१ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व त्यावर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची, अशी त्यांची रचना होती. एवढ्याशा जागेत गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्या नांदल्या.

आता या चाळींच्या जागी चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर मोठे झाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु उंच इमारतीबरोबर नवे खर्चही येतात. चाळीत तिसऱ्या मजल्यावर पायी जाता येत असे. पस्तिसाव्या मजल्यावर जायचे तर लिफ्ट हवी. पाणी वर चढवण्यास पंप हवेत, जिन्यांत व वाटांत रात्रभर दिवे हवेत. या सर्वांचे वीजबिल रहिवाशांनाच वाटून घ्यावे लागते. म्हणून अशा ठिकाणी एक विचार सहजच सुचतो : गच्चीवर ऊन फुकट पडते, मग त्यापासून वीज का करू नये?

विचार चांगला आहे. पण तो अमलात आणण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

सौर पॅनेल हे सिलिकॉन या पदार्थाच्या पातळ चकत्यांचे बनलेले असते. चकतीवर सूर्यप्रकाश पडला की तिच्यात विजेचा प्रवाह सुरू होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली पहिली उपयुक्त सिलिकॉन चकती तयार झाली. हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. घरातील पंखे व दिवे मात्र क्षणाक्षणाला दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर चालतात. हा बदल घडवून आणणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. पॅनेल सुमारे पंचवीस वर्षे काम देते. इन्व्हर्टर मात्र साधारणतः त्यापूर्वीच बदलावा लागतो. हा खर्च आरंभीच हिशेबात धरावा.

आता जागेचा हिशेब पाहू. एक किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलांना सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि त्यांपासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. उन्हाळ्यात ती अधिक असते, पावसाळ्यात आभाळ भरून आले की बरीच घटते. समजा, एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर ३,००० चौरस फूट जागा मोकळी आहे. तेथे ३० किलोवॉटची पॅनेले बसतील आणि रोज सुमारे १२० युनिट वीज मिळेल. इमारतीत ३०० घरे असल्यास प्रत्येक घराच्या वाट्याला ०.४ युनिट येईल. एवढ्या विजेवर ७० वॉटचा एक पंखा सहा तासही चालणार नाही! परंतु तीच वीज सामाईक कामासाठी वापरली तर? १० वॉटचा दिवा १२ तास जळण्यास ०.१२ युनिट वीज लागते. म्हणजे १२० युनिटांत असे १,००० दिवे रात्रभर जळतील. घरांवर वाटली तर जी वीज नगण्य ठरते, तीच एकत्र वापरली असता साऱ्या इमारतीच्या वाटा उजळते.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचे गाव आहे. २०२४ साली ते महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम ठरले. तेथे ज्याचे घर त्याचे छप्पर. उंच इमारतीत मात्र घरे एकावर एक रचलेली असतात आणि छप्पर सर्वांना मिळून एकच असते. कोणाही एका कुटुंबाला त्यावर परस्पर पॅनेल बसवता येत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत सर्वांसमक्ष निर्णय व्हावा लागतो. शिवाय गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, लिफ्टच्या यंत्राची खोली असते, आणि संकटकाळी माणसांना उभे राहण्यास व अग्निशामक दलाला वावरण्यास मोकळी जागा ठेवावी लागते. ती अडवून वीज मिळवणे हा शहाणपणा नव्हे.

यानंतरचा प्रश्न सावलीचा. पॅनेलातील चकत्या एकीला एक जोडलेल्या असतात. नळी एके ठिकाणी दाबली की सगळ्या नळीतील पाणी मंदावते. त्याचप्रमाणे थोड्या चकत्यांवर सावली पडली तरी बऱ्याच भागाची वीज घटते. मुंबईत पॅनेले दक्षिणेकडे किंचित कलती बसवतात, कारण वर्षातील बहुतेक काळ मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो सर्वांत खाली असतो. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमारास ६ फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे सुमारे साडेपाच फूट पडते. सकाळ-संध्याकाळ ती याहून पुष्कळ लांब होते. म्हणून जागा निवडताना डिसेंबरातील सावली पाहावी. शेजारी नवी उंच इमारत उठणार आहे काय, याचीही चौकशी करावी.

वरळी समुद्राकाठी आहे. खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड लवकर गंजते, आणि चाळिसाव्या मजल्यावर वाऱ्याचा जोरही मोठा असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मुंबईत केवढी पडझड केली, हे अनेकांना आठवत असेल. म्हणून पॅनेलांचा सांगाडा गंजरोधक असावा, आणि गच्ची तो भार व वाऱ्याची ओढ सोसेल असा दाखला अभियंत्याकडून घ्यावा. सांगाडा रोवताना गच्चीला भोके पडून पावसाळ्यात गळती लागणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

पुष्कळांचा एक गैरसमज असतो. गच्चीवर पॅनेले आहेत, तेव्हा रस्त्यावरची वीज गेली तरी आपले दिवे जळत राहतील, असे त्यांना वाटते. वस्तुतः वीजकंपनीच्या तारांना जोडलेली पॅनेले अशा वेळी आपोआप बंद होतात. नाहीतर तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतेल. अंधारातही दिवे हवे असतील तर वेगळी बॅटरी व तिला साजेशी जोडणी लागते, आणि तिचा खर्च निराळा. एरवी दिवसा उरलेली वीज बाहेरच्या तारांत जाते व रात्री लागेल ती तिकडून येते. या देवघेवीची नोंद विशेष प्रकारचा मीटर ठेवतो. वरळीस वीजपुरवठा बेस्ट उपक्रम करतो. तेव्हा त्याची परवानगी अगोदर घेतली पाहिजे.

केंद्र सरकारने २०२४ साली ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. तिच्यात गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपयांचे अनुदान ठेवलेले होते. परंतु अनुदान आहे म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवू नये. आधी वर्षभराची वीजबिले मांडून गरज ठरवावी.

शेवटची गोष्ट निगेची. धूळ व कबुतरांची विष्ठा साचली की पॅनेलाची शक्ती घटते. उन्हे चढण्यापूर्वी साध्या पाण्याने व मऊ फडक्याने ती पुसावीत. हे काम कोणी करायचे, हे बसवतानाच ठरले नाही तर ते कोणीच करीत नाही.

चाळीतला लांब बोळ कोणा एकाचा नव्हता, म्हणून तो सर्वांनी झाडून स्वच्छ ठेवायचा असे. चाळीस मजल्यांवरची गच्ची हा त्या बोळाचाच नवा अवतार आहे. तेथील ऊन मोजके आहे व ते सर्वांचे आहे. आधी मोजून, मग सर्वांनी मिळून ठरवून ते वापरले, तरच त्याचा लाभ तळमजल्यापासून चाळिसाव्या मजल्यापर्यंत पोहोचेल.