दवाखान्यातला संवाद (५) : ‘समजलं ना?’ विचारून काय कळतं?

मागच्या आठवड्यात आपण क्लॉड शॅनन यांचं १९४८ चं प्रारूप पाहिलं: पाठवणारा, वाहिनी, व्यत्यय, घेणारा. ते टेलिफोनच्या तारांसाठी होतं. संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याला कर्तव्य नाही, हे शॅनन यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. दवाखान्यात मात्र सगळी मदार अर्थावर असूनही आपण त्या तारेच्याच भरवशावर चालतो. डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे पेशंटपर्यंत पोचलं. शेवटी ‘समजलं ना?’ असं विचारलं जातं आणि पेशंट मान डोलावतो. त्या होकारावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. समोर डॉक्टर, दाराबाहेर रांग, शेजारी सोबत आलेली सून. अशा वेळी ‘नाही समजलं’ म्हणणं म्हणजे चारचौघांत अडाणी ठरणं. आणि ज्याचा गैरसमज झालाय, त्याला तो गैरसमज आहे हे ठाऊकच नसतं. ‘उपाशीपोटी रक्त द्यायला या’ याचा अर्थ ‘जेवण नको, चहा-बिस्कीट चालेल’ असा घेतलेला माणूसही अगदी मनापासून ‘हो’ म्हणतो.

यावर उपाय साधा आहे: सांगितलेलं पेशंटकडून त्याच्या शब्दांत पुन्हा वदवून घ्यायचं, चुकलं तर वेगळ्या शब्दांत सांगायचं. डीन शिलिंगर आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात मधुमेही पेशंट आणि डॉक्टर यांच्यातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नव्याने सांगितलेल्या १२४ गोष्टींपैकी अशी पडताळणी झाली फक्त १५ गोष्टींची. ज्यांच्या डॉक्टरांनी ती केली, त्या पेशंटची साखर आटोक्यात असण्याची शक्यता बरीच जास्त आढळली. अभ्यास लहान होता, पेशंट ७४. पडताळणारे डॉक्टर मुळातच अधिक काळजी घेणारे असतील, ही शंका रास्त आहे. या एका अभ्यासाने कार्यकारण सिद्ध होत नाही. पण गैरसमज तिथल्या तिथे उघडा पडतो, हा फायदा आकडेवारीवर अवलंबून नाही.

‘वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप याहून वजनदार. शिलिंगर यांच्या अभ्यासात पडताळणीच्या भेटी लांबल्या नव्हत्या, पण त्या वीसेक मिनिटांच्या होत्या. भारतात प्राथमिक सेवेतली भेट सरासरी दोनेक मिनिटांत उरकते, असं २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात दिसतं. तेवढ्यात सगळं पडताळणं अशक्यच, आणि त्याचा दोष एकट्या डॉक्टरवर टाकणं अन्यायाचं होईल. तरी एक गोष्ट निवडता येते: आज नवी दिलेली गोळी. ती कधी, किती, जेवणाआधी की नंतर, एवढंच. हे काम औषधं देणाऱ्या खिडकीवरही होऊ शकतं.

पेशंटला ही तोंडी परीक्षा वाटेल, असंही म्हटलं जातं. ‘सांगा बरं, मी काय म्हणालो?’ असं विचारलं तर वाटेलच. ‘माझं सांगताना काही राहिलं का ते बघतोय, घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, काका?’ यात चुकण्याची जबाबदारी डॉक्टर स्वतःकडे घेतात. मग काका न संकोचता म्हणू शकतात, “रात्री जेवल्यावर दोन”, आणि चिठ्ठीवर एकच लिहिलेली असेल तर ते तिथेच कळतं.