आतील दालने आणि पुढची खिडकी

तहसील कचेरीत काम असणारा मनुष्य आवक-जावक बारनिशीकडे अर्ज देतो, पोच घेतो आणि परत फिरतो. आत कोणते दप्तर कोणाच्या कपाटात आहे, याची त्याला फिकीर नसते. उद्या कपाटे हलविली तरी त्याचे काम अडत नाही. आष्टीकरांच्या परिचयाची ही व्यवस्था संगणकाच्या आज्ञावलीलाही तितकीच लागू पडते, असे आम्हांस वाटते.

गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेली पायथन ही भाषा आज शाळा-महाविद्यालयांतून शिकविली जाते. तीत एका फाईलला मॉड्यूल म्हणतात आणि अशा फाईली एकत्र ठेवलेल्या फोल्डरला पॅकेज. दुसऱ्याच्या पॅकेजातील साधन आपल्या आज्ञावलीत मागवून घेणे म्हणजे ‘इम्पोर्ट’.

समजा, शाळांच्या गुणपत्रकांसाठी कोणी एक पॅकेज केले. गुण वाचणे एका फाईलमध्ये, बेरीज व टक्केवारी दुसरीत, छपाई तिसरीत. वापरणाऱ्यास हवे असते एकच : गुणपत्रक तयार व्हावे. पण सगळीच दारे उघडी असली, तर एखादा शिक्षक टक्केवारीच्या फाईलमध्ये शिरून अपूर्णांक पुरा करणारे तेथील छोटे साधन थेट उचलतो. पुढे कर्त्याने सुधारणा करताना त्या साधनाचे नाव बदलले, की ऐन निकालाच्या दिवशी त्या शाळेचे काम बंद पडते. दोष कोणाचा? आमच्या मते, जाहीर काय आणि खासगी काय हे न सांगणाऱ्याचा.

ते सांगण्याची सोय पायथनमध्ये आहे. फोल्डरमध्ये ‘इनिट’ नावाची फाईल ठेवतात. तिच्या नावाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन अंडरस्कोअर, म्हणजे तळाशी काढलेल्या आडव्या रेघा, असतात. पॅकेज प्रथम मागविले की ही फाईल आधी चालते. तिच्यात आतील निवडक नावे मागवून ठेवली, की ती पॅकेजाच्या नावावरच मिळू लागतात. हीच पुढची खिडकी. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून ही फाईल नसलेले फोल्डरही पॅकेज म्हणून चालते. पण मग खिडकीही उरत नाही. याखेरीज ‘ऑल’ नावाची यादी असते. ‘सगळे द्या’ अशी तारांकित मागणी आली, तर यादीतील तेवढीच नावे बाहेर जातात. खासगी नावाच्या आरंभी एक रेघ देण्याचा रिवाजही आहे. मात्र यांपैकी एकही कुलूप नव्हे. हट्टाने आत शिरणाऱ्यास पायथन अडवीत नाही. सभ्य माणसांनी पाळावयाची ही समजूत आहे.

याचे चांगले उदाहरण मुंबईत पवईला सापडते. आकड्यांवरून त्रिमिती चित्रे काढणाऱ्या ‘मायावी’ या पॅकेजाचे प्रमुख कर्ते प्रभू रामचंद्रन यांनी पवईच्या आयआयटीत विमानविद्येचे अध्यापन केले आहे. मायावीच्या आत अनेक दालने आहेत. परंतु साध्या कामास ‘एमलॅब’ ही एकच फाईल पुरते. तिचे मुख्य काम म्हणजे आतील निरनिराळ्या फाईलींतली साधने एके ठिकाणी मांडून ठेवणे.

खिडकीवर ठेवलेले प्रत्येक नाव हा दिलेला शब्द होय. ते काढावयाचे झाल्यास आधी सूचना द्यावी आणि जुने नाव काही काळ चालू ठेवावे. म्हणून शब्द थोडे द्यावेत व दिलेले पाळावेत. आत हवी ती सुधारणा करण्याची मोकळीक त्यातूनच मिळते.