असं का? : एजंटवर भरवसा कसा ठेवायचा?

जळगावच्या सराफ बाजारात गिऱ्हाईक सोन्याच्या दागिन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे अक्षर-आकड्यांचा सहा खुणांचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघतं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यांवर तो सक्तीचा आहे. आपल्या वतीने तिकीट काढणाऱ्या, बिल भरणाऱ्या सॉफ्टवेअर एजंटचीही अशीच पारख करता येते, डिजिटल सहीने. ती गुप्त किल्लीने उमटते, जाहीर किल्लीने कुणालाही तपासता येते. सही केलेल्या संदेशातला एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही.

सही खरी असली म्हणून एजंट फसणार नाही, असं मात्र नाही. खरी गोम इथेच आहे. त्याने उघडलेल्या पानात कुणी ‘पैसे इकडे पाठव’ असं दडवून लिहिलं, तर ती मालकाचीच आज्ञा समजून तो मुकाट कामाला लागू शकतो! म्हणून त्याला अधिकार तोकडेच द्यायचे. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या बहुतेक रकमांना रिझर्व्ह बँकेने अशीच १५,००० रुपयांची मर्यादा घातली आहे. रक्कम त्यावर गेली, की ओटीपी आलाच.